सासूबाईंची सहा लुगडी

माझ्या सासूबाईंची सहा लुगडी एकदा समुद्रमार्गे चिंचणीला गेली, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि मी तिथे कारकून. साहेबांच्या टेबलावरच्या विलायती मासिकात शर्यतीच्या होडीचं चित्र होतं. पुढे टम्म फुगलेलं रंगीबेरंगी शीड, होडीपेक्षाही मोठं! खाली लिहिलं होतं, वारा पाठीमागून असला की हे लावतात. (त्याखाली आणखी बरंच लिहिलं होतं. ते मी वाचलं नाही.)

सासरे घिवलीचे तांडेल, होडीचं सुकाणू त्यांच्या हाती. नारळी पुनवेला गावात शिडाच्या होड्यांची शर्यत लागे. समुद्रातल्या खुंटाला वळसा घालून जो पहिला परतेल, त्याच्या हातून गावाचा नारळ दर्याला. पाच वर्षं हा मान सासऱ्यांचा, म्हणून नारळही त्यांच्याच होडीत असे. पण आता गुडघे बोलायला लागले होते.

"एवढा एक नारळ माज्या हातनं जाऊ दे, मंग सुकाणू सोडतो," ते म्हणाले. मला भरून आलं. भरून आलं की मी हमखास काहीतरी करून ठेवतो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सासूबाई सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजाराला गेल्या होत्या. मी त्यांची पेटी उघडली, सहा लुगडी काढली आणि एकाला एक शिवली.

"जावयबापू, ह्ये काय हाय?" भर शर्यतीत मी शिवलेली लुगडी डोलकाठीवर चढवू लागलो, तेव्हा सासऱ्यांनी विचारलं.

"विलायती शीड, मामा! बघाच तुम्ही!"

वारा भरला आणि होडी सुसाट सुटली. बाकीच्या होड्या जणू नांगर टाकून उभ्या! किनाऱ्यावर एकच जल्लोष झाला, आणि त्यातून एक ओळखीचा आवाज आला : "अगो बाय, ती माजी लुगडी हायत!"

खुंट जवळ आला.

"उतरवा आता. वळायचा हाय!"

"मामा... चित्रात ते नुसतं चढवलेलं होतं."

"म्हंजे?"

"उतरवायचं चित्र नव्हतं."

गाठीही मी मारल्या होत्या कचेरीतल्या फायलींना मारतो तशा, म्हणजे पुन्हा न सुटणाऱ्या. खुंट मागे गेला. जिथे आजारपणाची रजा टाकून आलो होतो, ते वीजकेंद्रही मागे गेलं! शेवटी सासऱ्यांनी कोयता काढला. (मी आधी घाबरलो, पण त्यांनी दोरच कापले.) लुगडी उडाली आणि लाटांवर पसरून चिंचणीकडे निघाली.

वाऱ्याविरुद्ध वल्ही मारत परतलो, तेव्हा दिवस कलला होता आणि अख्खा गाव ताटकळत उभा होता. नारळ आमच्याकडे ना! सासऱ्यांनी तो जिंकलेल्या तांडेलाच्या हातात दिला. त्यांच्याकडे बघवेना मला.

"आता नारल कशाला?" सासूबाई कडाडल्या. "दर्याला माजी लुगडी पोचली!"

सासऱ्यांनी सुकाणू काही सोडलं नाही. पुढच्या पुनवेला गुडघ्यांना तेल चोळून, जुन्याच ठिगळाच्या शिडावर ते पहिले आले. नारळ देताना त्यांनी मलाही बाजूला उभं केलं. सासूबाईंनी मात्र कपड्यांची पेटी किनाऱ्यावर आणवली होती, आणि सगळा सोहळा त्यांनी तिच्यावर बसून पाहिला.