उत्तरेची खूण

सुलतानपुरात मंजुश्रीबद्दल कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "ते व्हय? ते लोणारच्या तळ्यावर काम करते." साफ चूक! तळ्याशी तिचा काडीचा संबंध नाही. आकाशातून पडलेल्या दगडानं केलेला खड्डा पाहायला जगभरातून लोक येतात, खुशाल येवोत. ही बाई पायाखालच्या दगडाच्या मागं लागलेली आहे. तिचं काम भूकंपाचं. आणि भूकंप म्हटला की लोकांचा प्रश्न एकच. कडूबा गुरुजींनी तिला भर बसस्टँडवर गाठून तो विचारला होता, "पोरी, कधी होणार ते तेवढं सांगून ठेव. त्या दिवशी मी पाहुण्याकडं निघून जातो." ती म्हणाली, "गुरुजी, ते जगात कोणालेच सांगता येत नाही." गुरुजी खट्टू झाले. "मंग पगार कायचा भेटते व तुले?"

पगार कशाचा, ते जरा बैजवार सांगायला हवं.

मंजुश्रीचे वडील शंकरराव विहिरी खोदायचे. आमच्याकडं वीतभर माती खरवडली की काळा खडक लागतो. त्यात भोकं पाडायची, दारू ठासायची आणि सुरुंग उडवायचा. बत्ती देण्याआधी शंकरराव सगळ्यांना लांब पिटाळायचे. बाकीची पोरं कानात बोटं घालून उभी राहायची. ही मात्र जमिनीला गाल लावून आडवी. आवाज कानावर येण्याआधीच तिच्या गालाला टिचकी बसायची. "बाबा, पहिले जमीन बोलते, मंग हवा बोलते," असं ती सांगायची आणि शंकरराव हसून तिच्या गालाची माती पुसायचे. त्यांना वाटलं, पोरीला एक खेळ सापडला. अहो खेळ कसला! तिला जन्माचं काम सापडलं होतं.

गावची शाळा झाली, खामगावचं कॉलेज झालं, मग नागपूर, आणि शेवटी हैदराबादच्या एका मोठ्या संस्थेत ती भूकंपशास्त्रज्ञ म्हणून लागली. तिच्या बरोबरीचे सगळे हिमालयाकडं पळाले, कारण भूकंप तिकडं पैशाला पासरी. हिनं हट्टानं आपलाच जिल्हा मागितला. तिचे वरिष्ठ चंद्रशेखर सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, बुलढाण्यात काही घडत नाही!" ती म्हणाली, "घडत नाही की आपण ऐकलंच नाही, हे बघू तरी द्या, सर." या मुलीशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे सरांना त्या दिवशी कळलं.

मग ती ऐकत बसली, वर्षानुवर्षं. काय ऐकत होती? आपला हा काळा खडक म्हणजे एकेकाळचा विस्तव. जमीन फाटून तो वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. भाकरीवर भाकर रचावी तसे थर. माणूस नावाचा प्राणी तेव्हा जन्मायचा होता. आणि त्या थरांच्याही खाली त्याहून म्हातारा खडक आहे, त्याला भेगा आहेत, आणि त्या भेगा अधूनमधून कणभर सरकतात. इतका बारीक धक्का की दारातलं कुत्रंही कान टवकारत नाही. पण त्या धक्क्याच्या रेघा नीट वाचल्या तर जमीन कोणत्या बाजूनं रेटली जातेय ते कळतं. मंजुश्रीनं जिल्ह्यात ठिकठिकाणी यंत्रं बसवली, एक तर पार धामणगाव बढ्याकडं. पण सगळ्यांत स्वच्छ ऐकू यायचं ते सुलतानपूरच्या यंत्राला. ते होतं तिच्याच घरी, शंकररावांच्या हत्यारांच्या खोलीत. शंकरराव गेल्यावर ती खोली रिकामीच होती आणि तिला फरशी नव्हती, होता तो उघडा, सलग खडक.

यंत्र दिसायला तुपाच्या डब्याएवढं. डोक्यावर एक बाण कोरलेला. हा बाण बरोबर उत्तरेला हवा, कारण हलणं उत्तर-दक्षिण की पूर्व-पश्चिम हे यंत्राला त्यावरूनच कळतं. होकायंत्र इथं दगा देतं; काळ्या खडकातल्या लोखंडानं सुई बावचळते. म्हणून मंजुश्रीनं भर दुपारी काठीची सावली धरून खडकावर उत्तरेची रेघ आखली, यंत्र त्यावर ठेवलं, आणि आईला, जनकाबाईला, बजावलं, "याले हात लावू नको बरं!"

आणि गेल्या वर्षभरात त्या यंत्रानं तिला जे दिलं, त्यानं तिची झोप उडाली. अवघा देश उत्तरेकडं रेटला जातोय, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण सुलतानपूरचे धक्के सांगत होते की इथं रेटा आडवा आहे, पूर्व-पश्चिम! म्हणजे खाली कोणालाही ठाऊक नसलेलं काहीतरी होतं. दूरची यंत्रं तसं म्हणत नव्हती, पण ती पडली रस्त्यांच्या, मोटारींच्या गोंगाटात. त्यांच्याकडं तिनं काणाडोळा केला. तिचा निष्कर्ष पाहून चंद्रशेखर सरांनी उठून तिचा हात हातात घेतला. पुढच्या महिन्यात देशभरातले शास्त्रज्ञ जमणार होते आणि मुख्य व्याख्यान तिचं होतं. विहिरी खोदणाऱ्याच्या लेकीचा स्वतःचा, पहिला शोध!

अशात दूर आग्नेयेच्या समुद्रात एक मोठा भूकंप झाला. तिथून निघालेली लाट समुद्राखालून, पृथ्वीच्या पोटातून आली आणि आपल्या सगळ्यांच्या पायाखालून निघून गेली. आपण तेव्हा चहा पीत होतो, भाजीचा भाव करत होतो. यंत्रांनी मात्र ती टिपली. सगळी यंत्रं म्हणाली, लाट आग्नेयेकडून आली. सुलतानपूरचं एकटं म्हणालं, ईशान्येकडून.

मंजुश्रीनं त्या रेघा पुन्हा तपासल्या. समुद्र काही जागा बदलत नाही. म्हणजे यंत्रच फिरलेलं होतं, चांगलं पाव फेरा. तिनं मागचे सगळे दूरचे मोठे भूकंप काढले. एका ठरावीक दिवसापर्यंत सुलतानपूरचं यंत्र खरं बोलत होतं, त्यानंतरचं सगळं फिरलेलं. तिच्या शोधाचे धक्के झाडून सगळे नंतरचेच. तो दिवस कोणता, हे बघितलं आणि ती खुर्चीत मागं टेकली. वैशाख पौर्णिमेचा आदला दिवस! त्या दिवशी तिच्या घरात काय चालतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

ती तडक गावी आली. जनकाबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आई, पौर्णिमेच्या सफाईत यंत्र हलवलं होतं का?"

"हाव, हलवलं. बुडाखाली मुंग्या झाल्या होत्या."

"तुले सांगतलं होतं ना, हात लावू नको!"

"हात कुठं लावला? फडक्यानं धरलं. पुसलं अन् जागच्या जागी ठेवलं." मग जनकाबाई कौतुकानं म्हणाल्या, "तू त्याचं तोंड भिंतीकडं करून ठेवलं होतं. लोक येतात पाहाले, त्यायले पाठच दिसे. पाहुण्याले कोणी भिंतीकडं तोंड करून बसवते का व? मी दरवाज्याकडं केलं. आता कसं नाव दिसते संस्थेचं."

दार पूर्वेला होतं; उत्तरेचा बाणही तिकडंच वळला होता. मंजुश्रीला हसावं की रडावं कळेना.

तिनं तिथंच खाटेवर लॅपटॉप उघडला आणि सगळ्या रेघा पाव फेरा उलट्या फिरवल्या. आडवा रेटा एका क्षणात नाहीसा झाला. सगळे धक्के उत्तर-दक्षिण उभे राहिले, एकही चुकार नाही. शोध संपला होता. आणि तरी तिच्या अंगावर सरसरून काटा आला. हिमालय उचलतोय तोच रेटा, तस्साच, या अंगणाखालीही होता! त्यात कणभर फरक नव्हता. आणि तिच्या आईनं घरात काय हलवलं, ते हजारो कोस लांबच्या समुद्रानं तिला सांगितलं होतं. खोटं बोलणं म्हणून नाहीच या जमिनीला.

तिनं सरांना फोन लावला. "सर, माझं व्याख्यान काढून टाका. निष्कर्ष चुकीचा होता, यंत्र फिरलं होतं."

मग सर हळूच म्हणाले, "कोणाला कळणार नाही, मंजुश्री."

"समुद्राला कळलंय, सर."

सरांनी सुस्कारा सोडला. "बरं. कारण अज्ञात, असं लिहू."

"अज्ञात कशाला? घरच्या माणसानं यंत्राला पाहुण्यासारखं वागवलं, असंच लिहा."

फोन ठेवला तर समोर जनकाबाई उभ्या, तोंडाला पदर लावलेला. त्यांना सगळं समजलं नव्हतं, पण जे समजायचं ते समजलं होतं. "माह्यानं तुयं नुकसान झालं ना माय? इतक्या वर्साचं?"

"नाही व. जे नव्हतं ते गेलं."

"मंग राह्यलं काय?"

मंजुश्रीनं आईला धरून ओट्यावर बसवलं. खोटा धीर देणं तिला जमत नाही. तिनं आपलं खरं तेच सांगितलं. "हे राह्यलं, की आपली जमीन उत्तरेकडं चालून राह्यली. नखं वाढतात ना, त्याच चालीनं. कधी थांबत नाही."

जनकाबाईंनी अंगणाकडं पाहिलं, जशी काही ती आत्ता सरकताना दिसेल. "आपल्या घरासकट?"

"घरासकट. लोणार, खामगाव, सारंच."

"अन् तिकडं…" जनकाबाई अडखळल्या. त्यांचा हात गावाबाहेरच्या ओढ्याकडं गेला. तिथं शंकररावांना मातीत ठेवलं होतं. "ते?"

"बाबाही. सारं संगच जाते, आई. कोणी मांगं राहत नाही."

जनकाबाई ओढ्याकडं बघत राहिल्या. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"मले वाटे," त्या म्हणाल्या, "ते तिथंच राह्यले अन् आपणच त्यायले सोडून पुढं निघून आलो."