लेकीच्या हाती सुई दिली

तेराव्या वर्षी माझ्या लेकीला मधुमेह निघाला, तेव्हापासून माझा देवावरचा विश्वास डळमळला होता आणि लेकीवरचा तर पार उडाला होता. ही चोरून गोड खाते, असंच मला वाटायचं. इन्सुलिनची सुई मीच टोचायची. डॉक्टर तिला काही समजावू लागले की मी मध्येच म्हणायची, "मला सांगा, ती लहान हाय." नवरात्रात अंबडच्या देवीला निघालो, त्या सकाळी तिच्या रुमालात खडीसाखर बांधलेली सापडली. मी ती अंगणात भिरकावली आणि वर तिला एक ठेवून दिली.

सुई टोचली, पण खायला दिलं नाही. दर्शनाआधी तोंडात काही घालायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. रांग हलेना. दुपारी पायऱ्यांवर लेक घामानं थबथबली, हात थरथरू लागले, काहीबाही बोलू लागली. खाल्लंच हिनं कुठंतरी, साखर वाढली, असं म्हणत मी पिशवीतून सुई काढली आणि औषध भरलं.

"अवो बाई, काय करून राह्यल्या? साखर द्या पोरीला, जल्दी!" पायरीशी बांगड्या विकणारी बाई ओरडली.

"साखर म्हंजे इष हाय तिला!"

"माझी लेक बी सुईवरच हाय. असा घाम सुटला का साखर कमी झाली समजायचं. ठिवा ती सुई!"

माझ्याच पिशवीतली, देवीच्या नैवेद्याची साखर तिनं पाण्यात कालवली आणि घोट घोट पाजली. थोड्या वेळानं लेकीची नजर ठिकाणावर आली.

"आई, खडीसाखर ह्याच्यासाठीच व्हती. डॉक्टरनंच सांगितल्तं. तू ऐकलंच न्हाई."

भरलेली सुई अजून हातात होती. आणखी मिनिटभर गेलं असतं, तर मी माझ्याच हातानं... ते वाक्य आजही मला पुरं करवत नाही.

मी त्या बाईच्या पाया पडले. "देवीच्या पडा की," म्हणत ती गिऱ्हाइकाकडे वळली. तिला तिथं कोणी बसवलं होतं, हे मी कुणाला विचारत नाही. रोज हात मात्र जोडते.

दुसऱ्या दिवशी सुई लेकीच्या हाती दिली. तिनं औषध मापून भरलं, मांडीची चिमूट धरली. दोनदा माझा हात पुढं गेला, दोनदा मी तो मागं घेतला. देवावर भार टाकणं देवळात मला कधी जमलं नव्हतं. ते त्या सकाळी चुलीपुढं जमलं. "झालं, आई," ती म्हणाली. मला रडू आवरेना. मग तिचं ताट पुढं घेऊन जन्मात पहिल्यांदा मी तिला विचारलं, "किती वाढू?"