त्सुरूबाईंची अकरा कडवी

त्सुरूबाई लंडनमध्ये हॅरोला आमच्या शेजारी राहायच्या. त्या ओकिनावा या जपानी बेटावरच्या. इंग्रज नवरा वारलेला, मूलबाळ नाही, ड्रायक्लीनरकडे कपडे दुरुस्त करायच्या. १९८७ सालच्या माझ्या डायरीत त्यांचं नाव जवळजवळ रोज आहे, कारण माझी नात मीनल शाळा सुटली की आधी त्यांच्याकडे जायची.

मार्चमध्ये शाळेने सांगितलं, जुने कठीण दिवस सांगायला एखादं वयस्कर माणूस आणा. मी माझ्या जुन्या डायरीतल्या १९४३च्या रेशनच्या नोंदी काढून ठेवल्या.

"आजी, मी त्सुरू आंटीला विचारलंय," मीनल म्हणाली. "तिच्याकडे इन्स्ट्रुमेंट आहे ना."

तरी मी शाळेत गेले. मागे एका छोट्या खुर्चीत बसले.

त्सुरूबाईंनी पिशवीतून दुधाच्या पावडरीचा डबा काढला. त्याला लाकडी दांडा आणि तीन दोऱ्या होत्या. बेटावर हे वाद्य सापाच्या कातड्याने मढवतात. महायुद्धात बेटावर लढाई झाली, तीत घरं जळली, वाद्यंही जळली. मग निर्वासितांच्या छावणीत त्यांच्या वडिलांनी अमेरिकन सैनिकांचा रिकामा डबा, मोडक्या खाटेचं लाकूड आणि पॅराशूटची दोरी घेऊन हे बनवलं. छावणीतली लग्नं यावरच लागली.

त्याआधीही, पीक बुडालं की त्यांच्या घरी माडासारख्या एका विषारी झाडाचा गाभा खायचे. तो कापून, रोज पाणी बदलत भिजवायचा. आई पाणी बदलताना दिवसाला एक कडवं म्हणायची. अकरा कडवी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

सुरण आम्हीही चिंच घालूनच शिजवतो, मी मनात म्हटलं, त्याचं कुणी गाणं करत नाही.

"माझा धाकटा भाऊ थांबला नाही, तिसऱ्या कडव्यालाच खाल्लं त्याने," त्सुरूबाई म्हणाल्या आणि वाजवू लागल्या. मुलं हलेनात. मीनल त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

वाजवून झाल्यावर मी म्हटलं, "आता तरी चांगलं वाद्य घ्यायचंत. पत्रा कानाला लागतो."

"चांगलं आहे घरी. आईच्या कडव्यांना हाच आवाज हवा."

 घरी आल्यावर मीनल दारातच म्हणाली, "तू तिच्याशी मीन वागलीस, आजी."

चार दिवसांनी त्सुरूबाई स्वतः आल्या. "तुम्ही रोज लिहिता म्हणे. ही कडवी कुठेच लिहिलेली नाहीत. माझी शाळा लढाईतच संपली. तुम्ही लिहाल?"

मी हो म्हटलं ते चांगुलपणाने नव्हे. त्या आमच्याकडे आल्या की मीनल आमच्याच टेबलाशी बसणार होती.

दर गुरुवारी त्या म्हणायच्या, मी शाळेत नन्सनी लावलेल्या अक्षराच्या वळणात उच्चार आणि अर्थ उतरवायचे. मीनल बघायची ती त्यांच्याकडेच. पण चहा झाल्यावर ती माझी वही ओढून वाचायची आणि चुकलं की सांगायची. मग शब्द नीट कळला तरी मी त्सुरूबाईंना पुन्हा म्हणायला लावायचे. अकरा कडवी संपवायला मी जून उजाडू दिला.