चोवीस व्होल्टाची हिरवी तार

कंट्रोल पॅनलच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत, तेच पॅनलमध्ये येऊन बसतात, पालीसारखे. माझे बहुतेक किस्से एका वीतभर हिरव्या-पिवळ्या तारेचे आहेत. चोवीस व्होल्टाच्या पॉवर सप्लायचा मायनस अर्थिंगला जोडणारी तार. मी जोडतो, लोक काढतात. वैताग आलाय नुसता.

*

लातूरच्या एका तेलगिरणीत मॅनेजरला समजावलं. ही तार असली तर एखादी वायर सोलवटून मशीनच्या बॉडीला टेकली की लगेच फ्यूज उडतो. नसली तर कळतच नाही, आणि आणखी एक वायर टेकली की मशीन बटण न दाबता चालू होऊ शकतं. त्यानं सगळं ऐकलं, चहा पाजला आणि म्हणाला, "चोवीस व्होल्टानं कोण मरतंय हो?"

*

लोहा गावच्या कापूस जिनिंगवर अर्थिंगच सापडेना. वायरमन छाती फुगवून म्हणाला, बोअरच्या पाइपाला बांधलीय, थेट पाण्यापर्यंत गेलीय. पाइप प्लास्टिकचा होता.

*

नांदेडला तार जागेवर दिसली. मी खूश! नीट पाहिलं तर तिची दोन्ही टोकं मायनसलाच. तिथल्या वायरमनला विचारलं तर म्हणे, "तार पायजे म्हणले होते ना तुम्ही? हाय की."

*

उदगीरच्या डाळ मिलवर भीमराव मामा ऑपरेटर. डाळ अडकली की बटणानं मशीन बंद करायचं आणि रोलरमध्ये हात घालायचा, ही त्यांची रीत. मेन स्विच पाडत जा म्हणून सांगून थकलो. मेन गोदामाच्या पलीकडं, कोण जाणार? म्हणून तिथली तार मी स्वतः कसून आलो.

खंडेनवमीला मालकांनी बटणांच्या पेटीवरच नारळ फोडला. पाणी आत गेलं, फ्यूज उडाला, ऐन मुहूर्ताला मशीन बंद. तार आपलं काम करत होती. मालक म्हणाले, सणाला अपशकुन झाला, काढा ती. मी हात जोडले. त्यांनी हातावर पेढा ठेवला.

*

परवा दुपारी मामांचा फोन आला. "साहेब, तार काढल्यापासून मशीन लई गुणाचं झालंय. फ्यूजची कटकट न्हाई. सकाळी तर म्या बटण दाबायच्या आधीच सुरू झालं."

मामा, आधी मेन पाडा, म्हणून मी सांगायला लागलो, तर ते म्हणाले, "थांबा जरा, मशीन बंद करून डाळ काढायलोय. हात मोकळा झाला की बोलतो."

फोन त्यांनी बाजूला ठेवला. मी इकडून ओरडत होतो. आधी तिकडं काहीच आवाज नव्हता. मग मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.