दोन आठवडे उभी राहिलेली गाडी

आईचा डावा डोळा गेला, तेव्हा तो जातोय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. तिच्याही नाही. ती गारगोटीला एकटी राहते, कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर. एका डोळ्यानं अंधुक दिसायला लागलं तरी दुसरा काम करत होता, म्हणून तिनं ते पाच-सहा महिने अंगावर काढलं. कोल्हापुरात आणून दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पडद्याला सूज आलीय, पाणी साचलंय. डावा आता हाती लागायचा नाही. उजवा सांभाळू." उजवा सांभाळायचा म्हणजे महिन्याला एक इंजेक्शन, थेट डोळ्यात. ते देणारे डॉक्टर पुण्याहून येतात, फक्त गुरुवारी, दुपारी एकपर्यंत. एक गुरुवार चुकला की थेट पुढचा.

गाडी मी त्यासाठीच घेतली. मी कोल्हापूरलगतच्या उचगावला एका अपार्टमेंटमध्ये राहते आणि हायस्कूलला विज्ञान शिकवते. नवऱ्याची नोकरी नागपूरला, मुलगा बंगळूरला. म्हणजे आईची ने-आण माझ्याकडंच. पहिली दोन इंजेक्शनं आम्ही एसटीनं येऊन-जाऊन घेतली. डोळ्यावर पट्टी, खिडकीतून येणारी धूळ आणि उभं राहायलाही जागा नाही, अशा अवस्थेत तिला गारगोटीपर्यंत नेताना मी ठरवलं, आता गाडी. आणि घ्यायचीच तर इलेक्ट्रिक. स्टाफरूममध्ये थट्टा झाली. आईला मात्र गाडीचा आवाज नसणं फार आवडलं. गाडी निघाली तरी ती विचारायची, "चालू हाय व्हय?"

दीड वर्ष काही कुरकुर नव्हती. शनिवारी रात्री पार्किंगमधल्या सॉकेटला लावायची, रविवारी सकाळी भरलेली असायची.

मग एका मे महिन्यात मुलाला टायफॉइड झाला. खोलीवर तो एकटाच. फोनवर आवाज इतका खोल गेलेला की मी दुसऱ्या दिवशीच्या बसचं तिकीट काढलं. आईचं इंजेक्शन त्याच आठवड्यात होतं. तिला फोन केला तर म्हणाली, "पोराकडं जा तू. डोळा काय पळून चाललाय काय? फुडच्या गुरवारी घीऊ." तो गुरुवारही मला गाठता येईना. शेवटी त्याच्या पुढचा ठरवला. म्हणजे इंजेक्शन आधीच दोन आठवडे पुढं ढकललेलं होतं, आणि ढकलणारी मीच होते.

गाडी पार्किंगमध्ये ठेवली तेव्हा अठ्ठ्याहत्तर टक्के चार्ज होता. बंगळूरला पोचल्यावर सहज म्हणून मोबाईलवरचं गाडीचं ॲप उघडलं. सत्त्याहत्तर. दोन दिवसांनी पंचाहत्तर. पाचव्या दिवशी एकाहत्तर. उभी गाडी थोडा चार्ज खाते हे मला ऐकून माहीत होतं, पण ही तर न हलता उतरत चालली होती. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "नॉर्मल आहे मॅडम, काळजी करू नका."

काळजी करू नका म्हटल्यावर ती थांबते थोडीच! मुलाला पेज भरवून झाली की मी ॲप बघायची. त्याचा ताप मोजला की ॲप बघायची. मध्येच जाग आली तरी हात मोबाईलकडं. तापातून उठलेलं पोर गादीवरून म्हणालं, "आई, किती वेळा बघतेस? माझ्यापेक्षा गाडीच जास्त आजारी दिसतेय."

दहाव्या दिवशी ॲपवर अक्षरं आली, वाहनाशी संपर्क होत नाही. मला वाटलं, नेटवर्क नसेल.

बुधवारी संध्याकाळी मी उचगावला परतले. गाडी जागच्या जागी होती, काचेवर धुळीचा थर. मी तिच्याकडं बघितलं, बरं वाटलं आणि बॅग घेऊन वर गेले. दार उघडून बघावं असं मनातसुद्धा आलं नाही. ही गोष्ट मी अजून स्वतःला माफ केलेली नाही.

गुरुवारी सकाळी साडेसातला खाली आले. किल्लीचं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. दाराला हात लावला तर दार घट्ट. किल्लीच्या आत एक साधी लोखंडी किल्ली असते, ती काढून दार उघडलं. आत सगळं काळं. ना समोरचा पडदा उजळतोय, ना दिवा. बटण दाबलं की आतून कुठूनतरी बारीक टिकटिक यायची आणि बंद पडायची.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, तीस-पस्तीस वर्षं काढलेले. पेपर हातात घेऊन ते बाहेर आले.

"काय झालं, मॅडम?"

"सुरूच होईना."

त्यांनी आत डोकावून बघितलं, टिकटिक ऐकली. "बॅटरी उतरली हो. माझ्याकडं वायरी हायत. माझी गाडी शेजारी लावतो, दोन मिनिटांत चालू."

"काका, ही पेट्रोलची नाही. हिची बॅटरी वेगळी असते."

"आसंना का. पुढं बारकी बॅटरी असतीय की हिलापण."

मला ते खरं वाटलं नाही. मी विज्ञानाची बाई, ते फौंड्रीतले. हा विचार तेव्हा मनात आला होता, हे मी लपवणार नाही. मी हेल्पलाइनला फोन लावला. आधी हिंदीसाठी एक दाबा, मग दोन दाबा, मग गाणं. शेवटी एक मुलगा बोलला. काकांचं म्हणणं त्याला सांगितल्यावर तो घाईनं म्हणाला, "नाही नाही मॅडम, बाहेरच्या कुणालाही हात लावू देऊ नका. वॉरंटी जाईल. आमचा माणूस पाऊण तासात पोचेल."

काका तोवर वायरी घेऊन आले होते. मी त्यांना म्हटलं, "राहू दे काका. कंपनीचा माणूस येतोय."

"बघा बाबा तुमचं," म्हणत ते वायरी गुंडाळत आत गेले.

पाऊण तास झाला, कुणी आलं नाही. पुन्हा फोन. "निघालाय मॅडम." नऊ वाजायला आले. तिकडं गारगोटीला आई सहापासून आवरून बसलेली. तिला फोन केला.

"आई, गाडी बंद पडलीय. तू थांब, मी भाड्याची गाडी बघते."

"भाड्याची कशाला? मी येतो की एसटीनं. तू स्टँडवर ये."

"अजिबात नाही. तुला पाटी तरी दिसते का? घरातच थांब."

"बरं," ती म्हणाली. माझ्या आईचं 'बरं' म्हणजे होकार नव्हे, हे एवढ्या वर्षांत मला कळायला हवं होतं. भाड्याची गाडी मिळवायला वीस मिनिटं गेली. मिळाली म्हणून पुन्हा फोन केला तर शेजारच्या घरातली सून बोलली, "ताई, आजी गेल्या की स्टँडवर. फोन हितंच ऱ्हायलाय."

मी भाड्याची गाडी रद्द केली आणि रिक्षानं कोल्हापूरच्या मोठ्या स्टँडवर जाऊन उभी राहिले. गारगोटीची पहिली बस आली, तीत ती नव्हती. दुसरी आली. सगळी माणसं उतरली, मी आत चढून मागच्या बाकापर्यंत बघून आले. तिसरी आली. साडेबारा झाले. उन्हानं डोकं भणभणत होतं. एका डोळ्यानं अर्धवट बघणारी पासष्टीपुढची बाई, फोन नाही, माझा नंबर पाठ नाही. शेवटी चौकशीच्या खिडकीशी गेले. आतले गृहस्थ हातातलं काम न थांबवता म्हणाले, "गारगोटीच्या गाड्या आधी कोल्हापुरातल्याच संभाजीनगर स्टँडला थांबतात, बाई. तिथं उतरल्या असतील. कंडक्टर स्टँड स्टँड म्हणून ओरडतोय, म्हातारी माणसं उतरत्यात."

रिक्षात बसल्यावर मला रडू फुटलं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि वेग वाढवला.

ती तिथंच होती. फलाटाच्या कडेला एक बाई गजरे विकत बसली होती, तिच्या शेजारी पोत्यावर आई, मांडीवर पिशवी धरून. उतरताना शेवटची पायरी तिला दिसलीच नव्हती. गुडघा आणि तळहात चांगलाच सोलवटला होता. गजरेवालीनं जखम धुऊन फुलांवर मारायच्या पाण्यानं फडकं ओलं करून बांधलं होतं.

"किती वेळ बसलीस गं इथं?" मी ओरडलेच.

"ही म्हणाली, कुठं हलू नकोस मावशे, लेक हुडकत यील. म्हणून बसलो." मग जरा थांबून म्हणाली, "वरडू नकोस. चल, डाक्टर जाईल."

डॉक्टर गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. काउंटरवरच्या सिस्टरनं पुढच्या गुरुवारची तारीख लिहून दिली.

कंपनीचा माणूस तीन वाजता आला. तोवर मी आईला उचगावला आणलं होतं. ती पार्किंगमध्येच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, कारण तिला जिना चढवत नव्हता. त्यानं पुढचं बॉनेट उघडलं, आतली एक छोटी बॅटरी उघडी केली, हातातल्या डब्याच्या दोन वायरी तिला लावल्या. दोन मिनिटंही लागली नसतील. पडदा उजळला. चार्ज त्रेसष्ट टक्के.

त्रेसष्ट टक्के. गारगोटीला जाऊन परत यायला पुष्कळ होता.

"मोठी बॅटरी भरलेलीच असते मॅडम," तो म्हणाला. "पण दार उघडायला, गाडी जागी करायला ही बारकी लागते. हीच उतरली होती."

आईनं विचारलं, "एवढंच व्हतं व्हय?"

काका त्यांच्या दारात उभे होते. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं. ते आत गेले आणि आईसाठी चहा घेऊन आले.

मी संतापानं धुमसत होते, तो संताप दोन दिवसांनी सर्व्हिस सेंटरला नेऊन ओतला. काउंटरवर चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी होती. तिला मी सगळ्यांसमोर बोलले. उभ्या गाडीचा चार्ज उतरतो तो नॉर्मल, दार उघडत नाही ते नॉर्मल, पाऊण तासाचे सात तास होतात तेही नॉर्मल. मग बिघाड म्हणता तरी कशाला? माझी आई पडली, तिचा डोळा जाईल, जबाबदार कोण? तिनं सगळं ऐकून घेतलं. मग संगणकावर काहीतरी काढून पडदा माझ्याकडं वळवला.

"मॅडम, तुम्ही गावाला असताना ॲप बऱ्याच वेळा उघडलंय का? एका दिवशी एकतीस वेळा दिसतंय. ॲप उघडलं की गाडी जागी होते. ते काम बारक्या बॅटरीवर चालतं. मोठी तिला अधूनमधून भरते, पण तुमची बारकी मुळात कमजोर झाली होती. बदलून देऊ आम्ही."

"हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?"

"पुस्तकात आहे, मॅडम," ती हळू म्हणाली. "वायरी लावून चालू कशी करायची तेही आहे. त्यानं वॉरंटी जात नाही. फोनवर तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं."

मी मान खाली घालून बाहेर आले. ते पुस्तक गाडीच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीसकट होतं. पिशवी मी कधी फोडलीच नव्हती. वर्गात मुलांना मात्र सांगते, प्रयोगाआधी सूचना वाचा.

पुढच्या गुरुवारी डोळ्याचा फोटो काढला. पाणी वाढलं होतं. डॉक्टरांना मी विचारलं, "तीन आठवड्यांच्या उशिरानं झालं का?" ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही. वेळेवर घेऊनही काही जणांचं वाढतं." हे उत्तर मी खूप वेळा उलटून-पालटून बघितलं. त्यात सुटका कुठंच सापडली नाही, आणि दोषही पक्का सापडला नाही. तीनपैकी दोन आठवडे माझे होते, एक गाडीचा. आणि त्या गाडीच्या आठवड्यातही, काकांना वायरी लावू दिल्या असत्या तर आम्ही वेळेत पोचलो असतो.

आईला आता तांदळातले खडे दिसत नाहीत. शेजारची सून निवडून देते. चुलीची ज्योत दिसते, पण भांड्याचा काठ दिसत नाही, म्हणून दोनदा हात भाजला. ती मला काही बोलत नाही. पण एका बुधवारी मी तिला आणायला गेले, तेव्हा बोलली. झालंय असं की मी आता गुरुवारवर विश्वास ठेवत नाही. बुधवारी दुपारीच तिला उचगावला आणून ठेवते, म्हणजे काही झालं तरी दवाखाना रिक्षाच्या अंतरावर. तिला ते अजिबात आवडत नाही. आमच्याकडं अंगण नाही, ओळखीचं माणूस नाही, भिंती कुठं आहेत हे तिच्या हातांना पाठ नाही. रात्री उठली की चाचपडते.

त्या दिवशी पुढच्या सीटवर बसताना ती म्हणाली, "तुझ्या गाडीपायी मला घर सोडाय लागतंय बघ दर म्हैन्याला."

रागानं म्हणाली नाही. वस्तुस्थिती सांगावी तसं म्हणाली, आणि पट्टा चाचपून कुठं अडकवायचा ते शोधत बसली. मी तो लावून दिला. मग गाडी उचगावकडं काढली.