नकाशात बसतं

तीस वर्षं दवाखान्यात स्ट्रेचर ढकललं की माणसाजवळ बाकी काही साचो न साचो, किस्से साचतातच. धूळ झाडता येते, किस्से झाडले तर आणखी उडतात. मी आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातला शिपाई. शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तर कंटाळले म्हणून. सगळे मला मामा म्हणतात, आणि मी ज्याची टिंगल केली नाही असा माणूस अजून इथं बदलून आलेला नाही.

नवी इमारत झाली तेव्हाची गोष्ट. इमारत झकास. लिफ्ट नव्हती, पण वर जायला रॅम्प होता, आणि त्याच्या मधल्या वळणावर स्ट्रेचर अडकत होतं. कमल सिस्टर आणि मी रिकामं नेऊन बघितलं. दोनदा नेलं, दोनदा अडकलं. महिन्याभरात बाळंतपणाचा वॉर्ड वर जाणार होता.

सिस्टर म्हणाल्या, "मामा, कळा द्यायलेली बाई या वळणावर अडकली तर मी तिला काय सांगू? थांब जरा, गाडी सोडवू लागलो म्हणून?"

इंजिनिअर साहेबांना दाखवलं. त्यांनी नकाशा पसरला, वळणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "नकाशात बसतं."

*

हे 'नकाशात बसतं' पहिल्यांदा ऐकलं ते बेलच्या वेळी. प्रत्येक खाटेजवळ बटण बसवलं होतं. दाबलं की सिस्टरच्या टेबलावर दिवा लागतो. पण बटण भिंतीवर, उभ्या माणसाच्या खांद्याएवढं उंच. म्हणजे सिस्टरला बोलवायचं तर पेशंटनं आधी उठून उभं राहायचं.

पोखर्णीचे एक आजोबा होते, कमरेचं हाड मोडलेलं. ते बटणाकडं बघून म्हणाले, "मला उभं ऱ्हाता आलं असतं, तर मी हितं कामून आलो असतो?"

इंजिनिअर साहेब म्हणाले, नकाशात बसतं. मी बाजारात गेलो, बैलांच्या गळ्यातल्या बारा घंटा आणल्या आणि बारा खाटांना बांधल्या. सकाळी डॉक्टर साहेब राउंडला आले, तर बारा जणांनी एकदम वाजवल्या.

"मामा, हे काय चाललंय?"

"पोळा, साहेब."

दुपारपर्यंत बटणं लांब वायर लावून उशीपाशी आली. आजोबांनी घंटा मात्र सोडली नाही. डिस्चार्जच्या दिवशी ती त्यांच्याबरोबर पोखर्णीला गेली. आता सून चहा लवकर आणती म्हणे.

*

मग डॉक्टर साहेबांना हुक्की आली. लोकांना वाचता येत नाही, तर रंगानं वाट दाखवू. फरशीवर पट्टे मारले. लाल पट्टा एक्स-रेला, पिवळा रक्त तपासायला, हिरवा गोळ्यांच्या खिडकीला.

दुसऱ्या दिवशी बघतो तर दारात चपलांचा ढीग. एवढी रंगवलेली फरशी, तिच्यावर चपला कशा घालाव्या? बायका तर पट्ट्यावरून लुगडं सावरत उडी मारून जायच्या, रांगोळी ओलांडावी तशा. त्यात भर म्हणजे पेंटरचा लाल रंग माझ्या स्टुलापाशी संपला होता. तो दुसरा डबा आणायला गेला तो आलाच नाही. सकाळी माझ्या स्टुलाभोवती पाच जण बसलेले.

"काय पाहिजे, पावणे?"

"फोटो काढायचाय हाडाचा. पट्टा हितंच संपला, म्हणून बसलाव."

मी म्हणालो, "मग हाला नका," आणि पाचही जणांना ताठ बसवून तिथला दिवा एकदा लावला, एकदा विझवला. चौघं समाधानानं उठले. पाचव्यानं विचारलं, "पाठीकडून न्हाई का काढायचा?"

डॉक्टर साहेब पोट धरून हसले, मग सगळ्यांना खऱ्या एक्स-रेला घेऊन गेले आणि परत येऊन मला विचारलं, "मामा, तुम्ही काय केलं असतं?"

"गावात पत्ता कसा सांगतात साहेब? पिंपळापाशी वळा म्हणतात. पिवळ्या रेघेनं जा कोण म्हणतं?"

दारांवर चित्रं आली. एक्स-रेवर मोर, रक्तावर बैल, गोळ्यांवर ससा. तेव्हापासून कोणी चुकलं नाही. लोक ऐटीत सांगतात, "माझा फोटो मोरात निघाला."

*

गोळ्यांचा किस्सा सिस्टरचा. देवगाव फाट्याकडच्या गयाबाईंना बीपीची गोळी रोज सकाळी एक. वाचता येत नाही म्हणून सिस्टरनं पाकिटावर सूर्य काढून दिला. पंधरा दिवसांनी बाई आल्या, बीपी वरच.

"गोळी घेतली का, मावशी?"

"कशी घिऊ? आठ दिस आभाळ होतं. सूर्य निघालाच न्हाई."

सिस्टरनं सूर्य खोडून भाकर काढली. सकाळच्या भाकरीबरोबर गोळी. पुढच्या खेपेला बीपी तिथंच.

"बाई, मी सोमवार धरती, गुरुवार धरती, शनिवार धरती. मधी एकादस आली. भाकर न्हाई, तर गोळी कशी?"

सिस्टर कपाळाला हात लावून बसल्या. मी म्हणालो, "सिस्टर, आभाळ आलं तरी चालतं आन उपासालाबी चालतं, अशी एकच गोष्ट हाय. कपबशी काढा."

पुढच्या खेपेला बीपी एकदम सरळ. डॉक्टर साहेब खूश झाले, आणखी काही सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गयाबाई म्हणाल्या, "सायेब, आता चहा बंद करा तेवढं म्हणू नका."

*

करता करता शनिवार उजाडला. सोमवारी बाळंतपणाचा वॉर्ड वर जाणार, आणि वळण होतं तसंच. डॉक्टर साहेबांनी इंजिनिअर साहेबांना शेवटचं बोलावलं. ते आले, काखेत नकाशा.

म्हणाले, "तुमचं ढकलणं चुकतंय. रिकामं स्ट्रेचर हलकं असतं, ते तिरकं जातं. वर वजन असलं की सरळ वळतं."

मी हात जोडले. "बरोबर हाय साहेब, आमी अडाणी. पण वजन कुठून आणू? पेशंटला कसं वापरावं? तुमीच झोपा घडीभर."

सगळा स्टाफ बघत होता. साहेब झोपले. मी कमरेला पट्टा बांधला, अंगावर चादर घातली आणि ढकललं. वजन खरंच चांगलं होतं. वळणावर स्ट्रेचर असं गच्च बसलं की पुढं जाईना, मागं येईना.

"सोडवा ना मामा."

"एकट्यानं सोडवलं तर उतारानं सरळ रस्त्यावर जाताल, साहेब. चार माणसं येऊ द्या."

तोवर ओपीडीतली माणसं जमली. एका म्हातारीनं साहेबांच्या कपाळावरून हात फिरवला, पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून त्यांच्या छातीवर ठेवला. "खा बाबा. बरा हुशील."

तेवढ्यात कमल सिस्टर आल्या. साहेबांच्या उशाचा नकाशा उचलला, उलगडला, शांतपणे सगळा बघितला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "नकाशात तर तुमी कवाच वर पोचलात."

साहेबांनी पुडा बाजूला केला, खिशातला पेन काढला, आणि पडल्या पडल्याच हात लांब करून शेजारच्या भिंतीवर, पाडायच्या भिंतीवर मारतात तशी, मोठी फुली मारली.