सगुणाबायचा अर्धा धवला

उरणच्या बाजूला आगरी घरात लग्न निघालं की आधी धवलारणीला सांगावा जायचा. हळदीला, मांडवाला धवला गाणारी बाई म्हणजे धवलारीण. पंचक्रोशीत हा मान सगुणाबायचा होता. तिचा आवाज असा चढायचा की चार घरं पलीकडे भाकऱ्या थापणारी बाईसुद्धा हात थांबवून ऐकायची. देवांच्या लग्नाची लांबलचक कथा ती न अडखळता गायची आणि मागे साथीला बसलेली कोकिळा बाकीच्या बायकांना घेऊन ओळ उचलायची.

मग गळ्यात गाठ आली. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी आवाज जाऊ शकतो असं सांगून ठेवलं होतं. गाठ निघाली, जीव वाचला. आवाज मात्र गेला. उरली ती दोन-चार सुरांची खरखर, तीही ओळ पुरी व्हायच्या आत विरून जायची.

नवरा रामचंद्र पूर्वी मिठागरात होता, आता कंटेनर यार्डात वॉचमन. तो म्हणाला, "पुरं कर गो आता. गायलीस तवरी गायलीस."

ती दिवसभर चुलीपाशी, विहिरीपाशी ओठ हलवत राहायची. कथा गाता येत नव्हती, लांब ओळही नाही. पण एक प्रश्न विचारण्यापुरता श्वास होता. तिने कथाच सोडली. फक्त विचारायचं आणि थांबायचं, एवढाच नवा धवला तिने रचला.

पहिल्यांदा तिने तो गायला चांगदेवच्या मुलीच्या हळदीत. चांगदेव ट्रेलर चालवायचा. त्याची बायको दोन पावसाळ्यांमागे गेलेली. जुन्या धवल्यात नवरीची आई पाट्यावर हळद वाटते, आणि 'आई' हा शब्द त्या मांडवात कसा उच्चारायचा या धास्तीने बायका खाली बघत होत्या.

सगुणाबाय खरखरली, "हलद कुनी वाटली गो, हलद कुनी वाटली?"

आणि थांबली. कोकिळानेही ओळ उचलली नाही. तेवढ्यात मांडवाच्या खांबाआडून, जिथे पुरुष कधी गात नाहीत तिथून, चांगदेवचा फाटका आवाज आला.

"मीनी वाटली."

नवरी हळदीच्या हातांनीच तोंड झाकून रडली. मग एकेक बाई उत्तर देऊ लागली. कुणी मेलेल्या आईचं नाव घेतलं, कुणी पोरकेपणात सांभाळणाऱ्या काकीचं. आवाज शाबूत असताना सगुणाबायने कुणाला असं रडवलं नव्हतं. घरी येताना कोकिळा म्हणाली, "सगुणाबाय, तू आता गातस न्हाय, आमाला गायला लावतेस."

तीन-चार वर्षं बोलावणी येत राहिली. पण उत्तरं देणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून कमी होत गेल्या. कुणी सुनेबरोबर पनवेलच्या फ्लॅटमध्ये गेली, कुणी कायमची गेली. गेल्या वर्षी कोकिळाला अर्धांगवायू झाला आणि महिन्याभरात तीही गेली. सगुणाबाय तिच्या उशाशी बसून होती. दोघींपैकी एकीलाही शब्द फुटत नव्हता.

यंदा नात प्राप्तीचं लग्न ठरलं. हळद हॉलमध्ये. डीजेवाला स्टेजच्या कडेला उभाच होता. प्राप्ती म्हणाली, "आजी, आधी तुझा धवला. मग बाकीचं."

सगुणाबाय उठली. समोर पिवळ्या साड्यांतल्या पोरीबाळी, सगळ्यांचे मोबाइल तिच्याकडे रोखलेले.

"हलद कुनी वाटली गो?"

पोरींना वाटलं, आजी अजून गाणार आहे. त्या हसून, कौतुकाने वाट बघत राहिल्या. तिने पुन्हा विचारलं. प्राप्ती गोंधळून पुढे वाकली.

"आजी, काय बोलायचं असतं?"

उत्तर स्वतःच द्यावं म्हणून सगुणाबायने तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. धवला संपला असं समजून पोरींनी टाळ्या वाजवल्या आणि डीजेने गाणं सोडलं. जमीन हादरू लागली. रामचंद्रने येऊन तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं.

पुढच्या आठवड्यात करंजा गावाहून फोन आला, त्यांच्याकडे मांडव होता. रामचंद्रने फोन हाताने झाकून तिच्याकडे बघितलं. ती कोलीम, बारीक जवळा, निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"न्हाय," रामचंद्र फोनमध्ये म्हणाला, "ती आता येत न्हाय."